नेमबाजीचे प्रश्न, वाचकांची पत्रं : स्लाइडवर नक्षी काढून घेऊ का?

प्रश्न : नमस्कार सर, मी मूळचा इचलकरंजीचा, आता ८ वर्षं झाली ह्यूस्टनजवळ राहतो. दोन वर्षांपासून इथल्या यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या मॅचेसना जातोय, पिस्तूल सीझेड शॅडो २ आहे. मॅचला बघतो तर एकेकाच्या स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, काय काय कोरलेलं, माशाच्या खवल्यासारखं, षटकोनी जाळी, खिडक्या पाडलेल्या, आणि माझं आपलं कंपनीतून आलं तसंच. मलाही करून घ्यायचंय. एक जण म्हणतो स्लाइड हलकी झाली की डॉट (नेम धरायचा लाल ठिपका) कमी उडतो, दुसरा म्हणतो पिस्तूल खराब होईल. गावाकडे मामेभावाचं व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं वर्कशॉप आहे, तो म्हणतो पाठव इकडे, निम्म्यात करून देतो. काय करू?

उत्तर : आधी मामेभावाचं मिटवू. नको म्हणजे नकोच. अमेरिकेत कायद्याच्या नजरेत पिस्तूल म्हणजे फ्रेम, नंबर असतो तो भाग, त्यामुळे तिथल्या तिथे नुसती स्लाइड मशीनिंगला कुरिअरने जाते येते, कोणाला काही वाटत नाही. पण आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत, आणायला लायसन्स, त्यावर काम करायला वेगळं लायसन्स, आणि तिकडून पाठवायलाही एक्स्पोर्टची परवानगी. बिचारा भाऊ चांगल्या मनाने म्हणाला असेल पण निम्म्या पैशात काम आणि वर पोलीस स्टेशनच्या चकरा, असला सौदा कोण करतं. त्याला गिअरबॉक्सचे जॉब करू दे.

आता नक्षीचं. लोक याला सरसकट नक्षी म्हणतात पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे पकडीच्या खाचा, सेरेशन. मागच्या तर जवळपास सगळ्याच पिस्तुलांना असतात, पुढच्याही हल्ली बऱ्याच मॉडेलवर कंपनीच देते. दुसरी, वरच्या बाजूचं काम, पाठ सपाट करणं किंवा तीन पैलू पाडणं, आणि मागच्या टोकाला इंचात ४० रेघा अशी बारीक रेघारेघ, ती दिसायला देखणी असतेच पण मुळात उन्हात लोखंड चमकून नजर जाऊ नये म्हणून आली. तिसरी म्हणजे वजन कमी करायला आरपार पाडलेल्या खिडक्या. खवले आणि जाळी या पहिल्या प्रकारातच येतात, खाचच ती, फक्त नटवलेली.

तुमच्या पिस्तुलाचं एक वेगळेपण बघा. सीझेड ७५ च्या घराण्यात, शॅडो २ त्यातलंच, स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूने सरकते, बहुतेक पिस्तुलांत ती फ्रेमवर बाहेरून बसलेली असते. त्यामुळे बोटाला धरायला मुळात पट्टी कमी मिळते, टेक्सासच्या उन्हाळ्यात घामेजल्या हाताने स्लाइड मागे ओढताना हे तुम्हाला जाणवलं असेलच. म्हणून तुमच्या बाबतीत खाचा ही हौस नाही, खरंच उपयोगाची गोष्ट आहे, तिथे पैसे घाला. फक्त कडा फार धारदार ठेवू नका म्हणावं, दिवसभराच्या मॅचमध्ये अंगठा सोलून निघतो. पण ही स्लाइड ठेंगणी असल्यामुळे खिडक्या पाडायला जागा कमी आणि मधल्या पट्ट्या बारीक राहतात, तिथे मी तरी हात लावणार नाही.

बरं हलकेपणाचं गणित. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे स्लाइडला मागे मिळणारा धक्का तोच. समजा स्लाइड ४०० ग्रॅमची आहे आणि तुम्ही ४० ग्रॅम काढले, तर ती साधारण ११ टक्के जास्त वेगाने मागे जाणार आणि फ्रेमवर आदळतानाची ऊर्जाही तेवढीच वाढणार. फायदा असा की मागेपुढे जाणारं वजन कमी, पुढे येऊन थांबताना नळी कमी डुचकते, डॉट लवकर जागेवर येतो, म्हणजे तुमचा तो पहिला मित्र काही खोटं बोलत नाहीये. पण दुसराही बरोबरच आहे, कारण जास्त वेगाने मागे गेलेली स्लाइड परत येईपर्यंत मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला वेळ पुरला पाहिजे, नाहीतर मॅचच्या ऐन फेरीत पिस्तूल जाम. मग मॅगझिनची स्प्रिंग बदला, स्लाइड पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग बदला, एकातून दुसरं निघत जातं.

आणि हे सगळं कोणत्या गोळीवर, हेही बघा. मायनरला, म्हणजे कमी जोराच्या काडतुसांच्या गटाला, पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार) १२५ लागतो, लोक घरी भरलेली काडतुसं १३० च्या आसपास ठेवतात, म्हणजे १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १०५० फुटांनी. त्यावर हलकी स्लाइड आणि नरम स्प्रिंग मस्त चालते. पण एखाद्या दिवशी घरची संपली आणि दुकानातली आणली, तीच १२४ ग्रेनची पण ११५० फुटांची, तर फॅक्टर १४२ च्या वर गेला आणि तीच जोडी फ्रेम ठोकायला लागते. तुम्ही स्वतः भरत नसाल तर वजन काढायच्या भानगडीत पडूच नका, हे माझं स्पष्ट मत.

दोन गोष्टी राहिल्या. नक्षी कोरली की तिथलं कोटिंग गेलं, उघडं पोलाद राहिलं, त्यामुळे मिलिंगच्या कोटेशनमध्ये डीएलसी किंवा सेराकोट असं नवं कोटिंग धरलंय का ते आधीच विचारा, नाहीतर घामाने महिन्याभरात गंज. आणि कापताना उरलेली धातूची बारीक कुसळं (बर) नीट काढलीत का ते खाचेवरून जुनी बनियन फिरवून बघा, धागा अडकला की परत द्या. दुसरं, तुमच्या डिव्हिजनचं (स्पर्धेतल्या गटाचं) चालू रूलबुक वाचा, यूएसपीएसएचं वेगळं, आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं वेगळं. आयपीएससीच्या प्रॉडक्शन गटात ठरलेल्या यादीतलं पिस्तूल आणि कंपनीचेच भाग असा कडक कारभार आहे. उद्या बाहेरच्या देशात मॅच खेळायची असेल तर एक मूळची स्लाइड जपून ठेवा.

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात .२२ चं २५ मीटर पिस्तूल खेळते. तिला पिस्तुलावर स्वतःचं नाव आणि वेलबुट्टी कोरून हवीय. चालेल का? — एक आई

उत्तर : ताई, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ ला पालेम्बांगहून एशियन गेम्सचं गोल्ड आणलं तेव्हापासून कोल्हापुरातून या प्रकाराची पत्रं येतात, बरं वाटतं. पण धातूला हात लावू नका. पार्दिनी एसपीसारख्या पिस्तुलाला तशी मोठी स्लाइड नसतेच, आत छोटासा बोल्ट सरकतो, कोरायला जागा तरी कुठे आहे. शिवाय पिस्तुलावरचा नंबर, खूण पुसणं हा कायद्याने गुन्हा. हौस लाकडी ग्रिपवर भागवा, तळहात टेकतो ती जागा सोडून बाहेरच्या बाजूला वेलबुट्टी कोरा, लाकूडकामाचा चांगला कारागीर गाठा. फक्त भर घालून ग्रिप वाढवू नका, सगळं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात बसावं लागतं आणि वजन १४०० ग्रॅमच्या आत. कोरून झालं की मॅचच्या आधी एकदा कोचकडून मोजून घ्या.