वाचक विचारतात : पावसात माझा कॅक्टस मऊ का पडला?

मे महिन्यात या सदराला कुत्रं विचारत नाही. जुलै लागला की मात्र फोटोंचा पूर येतो, कुंडीत काहीतरी पिवळं, लिबलिबीत पडलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, काय चुकलं?" यावेळी त्यातलीच काही पत्रं घेतलीत. बाकीच्यांनी आपापलं उत्तर यातच शोधा, बहुतेकांचं सापडेल.

ऑनलाइन तीन एचेव्हेरिया मागवल्या होत्या, निळसर, गुलाबाच्या फुलासारख्या. मेपर्यंत छान होत्या. आता खालची पानं हात लावला की गळतात, एक तर पूर्ण गेली. पाणी आठवड्यातून दोनदाच घालते, ऊन सकाळी दहापर्यंत असतं. – दहिसर

'दोनदाच' मधला तो 'च' वाचून हसू आलं, रागावू नका, मीपण असंच म्हणायचे. अहो, जुलैत धुतलेली चादर घरात दोन दोन दिवस वाळत नाही, मग कुंडीतली माती कशी वाळेल? माझा नियम तोच आहे, दोरीवरची चादर एका दिवसात वाळायला लागली की पाण्याचा विचार करायचा, तोवर झारी उचलायचीच नाही. पावसाळ्यात मी माझ्या सक्युलंटना (म्हणजे एचेव्हेरिया, कॅक्टस अशी पानात-खोडात पाणी साठवणारी झाडं) तीन तीन आठवडे पाणी दाखवत नाही आणि ती मजेत असतात.

पण तुमच्या बाबतीत नुसतं पाणी नाही, झाडाची निवडपण नडली. एचेव्हेरिया मूळची बहुतेक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. ही झाडं बाकीच्या झाडांच्या उलट वागतात, दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवतात म्हणजे पाणी उडून जायला नको आणि रात्री ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात. रात्र गार असली की हे काम नीट चालतं. आपल्याकडे मुंबईत पावसाळ्यात रात्रीचं तापमानसुद्धा २५ अंशांच्या आसपास आणि वर ही दमट हवा, त्यामुळे झाड आधीच दमलेलं असतं, त्यात मुळाशी ओल राहिली की बुरशीला आयतं घर मिळतं. पुण्यातल्या बहिणीच्या गच्चीत एचेव्हेरिया फुटबॉलएवढी होते म्हणून आपण जळायचं नाही, तिची रात्र वेगळी आहे.

आता उरलेल्या दोन वाचवा. कुंडीतून काढा, मुळाशी नर्सरीवाल्याचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा असेल तो पूर्ण सोडवा (तो आतून ओला राहतो आणि वरून कळतही नाही), खोड ब्लेडने खालून वर चकत्या काढत कापत जा, आत तपकिरी ठिपका दिसतोय तोवर कापायचं. स्वच्छ हिरवट पांढरं आलं की थांबा. मग चार पाच दिवस पंख्याखाली कागदावर नुसतं ठेवा, जखम सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पुढे आठवडाभर पाणी नाही. मिश्रणात दोन भाग विटांचा चुरा, बारीक खडी किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) आणि एक भाग खत-माती. नर्सरीची नुसती लाल माती आपल्याकडे वाळली की वीट होते आणि भिजली की चिखल. आणि कृपा करून चौपाटीवरची वाळू आणू नका, त्यात मीठ असतं. एका वाचकांनी पिशवी भरून आणली होती.

माझा स्वतःचा पहिला बळी एक गोल कॅक्टस होता, किचनच्या खिडकीतला. ऑगस्टपर्यंत हिरवागार, काटे टकटकीत, मला वाटलं आपण जिंकलो. एक दिवस कुंडी सरकवायला म्हणून खाली हात लावला तर बोट पिकलेल्या चिकूत जावं तसं आत गेलं आणि घाण वास. आतून कधीच संपला होता, वरून नुसती साल उभी होती. तेव्हापासून मी पावसाळ्यात दर रविवारी चिमट्याने हळूच दाबून बघते. झाड कडक लागलं तर ठीक, दबलं तर लगेच कुंडीबाहेर.

पुढच्या वेळी हॉवर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लांट, कोरफड किंवा नर्सरीत जेड म्हणून मिळतं ते बारीक गोल पानांचं झाड आणा. मुंबईच्या हवेशी यांचं जमतं. हॉवर्थियाला तर थेट ऊनही फार लागत नाही, बॉक्स ग्रिलच्या कोपऱ्यात सुखाने राहते.

आमच्या ब्रह्मकमळाला चार वर्षं झाली, पानंच पानं, फूल नाही. शेजारच्या काकूंनी आमच्याकडूनच पान नेलं होतं, त्यांच्याकडे गेल्या वर्षी सात फुलं आली. वर मुलगा म्हणतो हे ब्रह्मकमळ नाहीच, कॅक्टस आहे. – मुलुंड

मुलगा बरोबर बोलतोय, त्याला एक लाडू द्या. खरं ब्रह्मकमळ हिमालयात होतं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते आणि सूर्यफुलाच्या कुळातलं. ते मुलुंडच्या गॅलरीत येणं शक्य नाही. आपल्याकडे घरोघरी जे आहे ते एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला कॅक्टस. हा वाळवंटातला नाही, झाडांच्या फांद्यांवर राहणारा आहे, म्हणून याला आपली दमट हवा चक्क आवडते. आणि तुम्ही ज्याला पान म्हणता ते पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. फूल येतं ते त्याच्या कडेच्या खाचेतून.

तुमच्याकडे फूल का नाही? तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की दर दोन वर्षांनी मोठी कुंडी देता आणि दर महिन्याला शेणखत. तेच कारण. त्याला मुळं थोडी दाटीत असलेली आवडतात आणि नायट्रोजन जास्त झाला की ते पानांतच रमतं. काकूंचं डब्यात लावलेलं असणार, पैज लावते. खत बंद करा, आहे त्या कुंडीत राहू द्या, थंडीत पाणी कमी करा आणि सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी जागा द्या, दुपारच्या उन्हात पिवळं पडतं. कळी दिसली की कुंडी इकडेतिकडे हलवायची नाही, कळ्या गळतात.

आणि फुललं की पूजा खुशाल करा हो. कॅक्टस आहे म्हणून काय झालं? आमच्या मजल्यावर एकाकडे फुललं की सगळे जमतात. संध्याकाळी कळी मान वर करून बाकदार उभी असते, नऊच्या सुमाराला टोक सुटतं, पाकळ्या थरथरत मागे जातात, जिन्यापर्यंत वास येतो, मग अकरा वाजता कॉफी होते, कुणीतरी बाळाला झोपेतून उचलून दाखवायला आणतं. सकाळी दूधवाला येईपर्यंत ते फूल मान टाकून लोंबत असतं.

सासूबाई म्हणतात काटेरी झाडं घरात ठेवू नयेत, भांडणं होतात. मी आठ कुंड्या आणल्यात. काय करू? – लालबाग

भांडण झाडावरून होतंय, झाडामुळे नाही. त्यांना सांगा पुण्यात निवडुंग्या विठोबा आहे, देवाला निवडुंगाचं वावडं नाही. तरी ऐकलं नाही तर टोचणारे मोठे काटे नसलेलं काहीतरी त्यांच्या नावाने आणा, कोरफड आणा, ती त्यांना चालेल.

त्यांच्या बोलण्यात एक खरं कारण मात्र आहे. चाळीच्या गॅलरीत पोरं धावतात. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोतली तीनधारी उंच झाड कॅक्टस नाहीच, ती युफोर्बिया आहे, आपल्या त्रिधारी निवडुंगाची नातलग. ओळख सोपी आहे, कॅक्टसचे काटे लवेच्या बारीक गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने येतात आणि युफोर्बियाचे तसे नाही, आणि फांदी मोडली की त्यातून पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात गेला तर खूप आग होते, डोळा भरपूर पाण्याने धुवायचा आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. ती एक कुंडी पोरांच्या हाताबाहेर ठेवा, छाटताना हातमोजे घाला. बाकी सात राहू देत.

लाल डोक्याचा कॅक्टस घेतला होता, लाल भाग सुकला, खालचा हिरवा जिवंत आहे. – परळ

ते एक झाड नाही, दोन आहेत. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही म्हणून त्याचं कलम हिरव्या तिधारी बुंध्यावर करतात, बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या. वरचा काही वर्षांत जातोच, तुमचं काही चुकलं नाही. खालचा वाढवा, वेल होईल. आणि कॅक्टसवर रंगीत वाळकं फूल दिसलं तर घेण्याआधी बघा, बऱ्याचदा गोंदाने चिकटवलेलं असतं.

काट्यांच्या मध्ये कापूस आल्यासारखं पांढरं दिसतंय, पुसलं तरी परत येतं. – गोरेगाव

पिठ्या ढेकूण, म्हणजे आपला मिलीबग. पुसून जात नाही कारण काट्यांच्या बुडाशी आणि मुळांतही असतो. ती कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. कान साफ करायच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपा, संध्याकाळीच, उन्हात करू नका. आठवड्याने परत, पुन्हा आठवड्याने परत. नसेल जात तर कुंडीतून काढून मुळं बघा, पांढरी पूड असेल तर धुवून, सुकवून नव्या मिश्रणात लावा.

याच्या चुलत भावंडाने आपल्याकडे मोठा इतिहास केलाय. ईस्ट इंडिया कंपनीला कोचिनीलचा लाल रंग हवा होता, तो फड्या निवडुंगावर राहणाऱ्या किड्यापासून मिळतो. १७९५ साली हा किडा म्हणून जो आणला तो भलत्याच जातीचा निघाला, रंग बेताचाच मिळाला पण त्याने निवडुंगाची बनंच्या बनं फस्त केली.

एक शेवटचं, कुणी विचारलं नाही तरी सांगते. कुंडीखालच्या ताटल्या आजच काढा. मुळं कुजतात ते एक आणि त्या साचलेल्या पाण्यात आठ दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात ते दुसरं. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून सोसायटी ओरडत असेल तर ताटलीत जाड खडी भरा आणि पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ताटली ओतून टाका.