सुई टोचल्यानंतरचा आठवडा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

साखरपुड्याआधी ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरदार दिसावेत म्हणून सुईने भरतात ते जेल, घेऊन सुजलेल्या ओठांनी तुझ्या पार्लरात आलेल्या त्या मुलीबद्दल तुला फोनवर घाईत सांगितलं, ते आता सवडीने लिहून देते. तिच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर ओठ पाहिले, काळजीचं काही नाही म्हणाले, हे बरं झालं. पण अशा मुली आता तुझ्याकडे येतच राहणार. पणजीत, पुण्यात, बेंगळुरूत जाऊन फिलर घेतात, गावी परततात, आणि सूज आली की जवळची म्हणून पार्लरवालीकडे धावतात. चंदगडपासून लोंढ्यापर्यंतच्या बायका तुझ्या खुर्चीत बसतात. त्यांना काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे तुला पक्कं माहीत असलं पाहिजे.

आधी सूज का येते ते समजून घे. ओठात भरतात ते बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडचं जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांतही असतो. १९३४ साली तो पहिल्यांदा वेगळा काढला तो बैलाच्या डोळ्यातून. त्याचा स्वभावच पाणी धरून ठेवण्याचा. भिजत घातलेला साबुदाणा पाणी ओढून फुगतो, तसं हे जेल आजूबाजूचं पाणी थोडं ओढून घेतं. त्यात ओठाची कातडी पातळ, आतला भाग मऊ, रक्तवाहिन्या भरपूर, आणि सुई एकदा नाही, अनेकदा टोचलेली. म्हणून गालाला येईल त्यापेक्षा ओठाला सूज जास्त येते. एका सिरिंजमध्ये जेल असतं १ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. दुसऱ्या दिवशी आरशात जे एवढं मोठं दिसतं त्यात जेल थोडं आणि सूज पुष्कळ.

ही सूज पहिल्या २४ ते ४८ तासांत सगळ्यात जास्त असते. सकाळी उठल्यावर अधिकच, कारण रात्रभर आपण आडवे असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार पडतो, आठवड्यात बरीचशी जाते, आणि ओठाचा खरा आकार दोन ते चार आठवड्यांनी कळतो. एक बाजू जास्त फुगणं, वरचा ओठ ताठ वाटणं, बोटाला बारीक गाठी लागणं, हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत चालतं. काळंनिळं पडलेलं असेल तर ते हिरवट-पिवळं होत दहा-बारा दिवसांत जातं. तुझ्याकडे आलेल्या त्या मुलीचा साखरपुडा सहा दिवसांवर आहे, तोवर ओठ पुष्कळ बसलेले असतील. पुढच्या वेळी कुणी लग्नाआधी विचारलं तर निदान महिनाभर आधी घ्या म्हणून सांग. आणि दात काढायचा किंवा साफ करून घ्यायचा असेल तर मागेपुढे दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला लाव.

या आठवड्यात बायका घाईने जे करतात त्यानेच नुकसान जास्त होतं. कुणी दुसऱ्याच दिवशी रडत म्हणते, सगळं विरघळवून टाका. कुणी चौथ्या दिवशी उतार पडला की म्हणते, कमी झालं, अजून एक सिरिंज भरा. दोघींनाही थांबवायचं. कुणी गाठ लागली की चिमटीत धरून चोळते. डॉक्टरांनी स्वतः दाखवून दिल्याशिवाय ओठ चोळायचा नाही. हळदीचा लेप, तूप, टूथपेस्ट, कोरफडीचा गर यातलं काहीही ताज्या टोचणीवर नको. मेडिकलमधून मनाने सूज उतरायची गोळी आणू नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काळंनिळं वाढू शकतं. मात्र कुणाला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपण बंद करायला सांगायची नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

करायचं ते साधं आहे. बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून, दाब न देता, दहा मिनिटं धरायचा, मग विसावा द्यायचा. एक उशी जास्त घेऊन पाठीवर झोपायचं. ओठ बधिर आहे तोवर कडक चहा नको, कारण भाजलेलं कळत नाही. दोन दिवस व्यायाम, दारू, वाफ, ऊन नको. खारट-तिखटही बेताने. आपल्या भागात ठेच्याशिवाय जेवण होत नाही हे खरं, पण टोचलेल्या ओठाला ते झोंबतं. आणखी एक गोष्ट विचारायची, ती मात्र कुणासमोर विचारायची नाही. मिशरी. निपाणीकडच्या, खेड्यांतल्या कितीतरी बायका अजून लावतात, तरुणही. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम सावकाश भरते, आणि ते बोट थेट टोचलेल्या जागेवर फिरतं. लाज न वाटू देता विचारलंस तर खरं सांगतात.

आता ज्या कारणासाठी मी हे पत्र लिहायला बसले ते नीट वाच. ओठांतून धमन्या जातात, एक वरच्या, एक खालच्या. जेल चुकून त्यात गेलं किंवा बाहेरून त्यांना दाबून बसलं तर त्या भागाचं रक्त तुटतं. हे क्वचित होतं, पण झालं तर वेळ तासांत मोजायची असते. ओळखायचं कशावरून? ओठाचा किंवा त्याच्या वरचा भाग, कधी नाकाच्या कडेपर्यंत, पांढराफटक पडतो. नंतर तिथे जांभळट, जाळीदार नक्षी उमटते. काळंनिळं एका जागी डाग धरून असतं. ही नक्षी मात्र पसरलेली असते आणि जिथे सुई लागलीच नाही तिथेही दिसते. दुखणं खूप आणि वाढत जाणारं असतं, पण भूल उतरली नसेल तर दुखणारही नाही, म्हणून नुसत्या दुखण्यावर विसंबू नकोस. स्वच्छ बोटाने ओठ हलके दाबून सोड. पांढरा पडलेला भाग दोनेक सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवा. दुसऱ्या जागी दाबून ताडून बघ. रंग रेंगाळत परतत असेल तर थांबायचं नाही. तपासणी ठीक वाटली तरी मनात शंका राहिली तर डॉक्टरांना दाखवायचंच. तुझी तपासणी धोका लवकर ओळखण्यासाठी आहे, डॉक्टरांना टाळण्यासाठी नाही.

अशा वेळी बर्फ लावू नकोस, त्याने वाहिन्या अजून आकसतात. ज्यांनी टोचलं त्या डॉक्टरांना लगेच फोन लावायचा आणि बोलत बोलतच निघायचं. यावर औषध आहे, हायलुरोनिडेज, जे ते जेल विरघळवतं. ते डोळ्यांच्या ऑपरेशनच्या भुलीतही वापरतात. ते द्यायचं काम डॉक्टरांचं, त्याचीही कुणाकुणाला ॲलर्जी असते. म्हणून फिलर घ्यायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमच्याकडे हायलुरोनिडेज आत्ता, या खोलीत आहे का? आणि दुसरा: रात्री फोन कोण उचलेल?

दृष्टी अंधूक झाली, किंवा जीभ-घसा सुजून श्वास अडायला लागला, तर फोनाफोनी नंतर. १०८ ला फोन कर, नाहीतर मिळेल त्या गाडीने बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलला किंवा केएलई हॉस्पिटलला पोच. तिथे रात्रीही डॉक्टर असतात.

खानापूरहून बेळगावला पाऊण तासात पोचता येतं. पणजी तशी नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड आली किंवा ट्रक अडकला तर किती वेळ जाईल कुणाला सांगता येत नाही. म्हणून मी मुलींना सांगते, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण जिथे त्याच दिवशी परत जाऊन दाखवता येईल तिथेच घ्या. लांबच घ्यायचं असेल तर ती रात्र तिथेच काढा.

याहून मोठी अडचण घरात असते. आपल्याकडे मुलगी हे कुणाला सांगून करत नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगते, सूज आली की तोंडाला ओढणी बांधून बसते, आणि रात्री दोन वाजता ओठ पांढरा पडला तरी आईला उठवायला घाबरते. सकाळची वाट बघते. तेवढ्यात कातडी मरते, पोरी. या लपवालपवीने जेवढं बिघडतं तेवढं त्या जेलने बिघडत नाही. आपले ओठ आपल्याला आवडावेत असं वाटण्यात काहीही चुकीचं नाही, आणि त्यावरून मुलीला हसणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. घरातल्या एका माणसाला तरी खरं सांग, आईला नाही तर बहिणीला, वहिनीला, हे तू प्रत्येकीला आग्रहाने सांग. ज्या मुलीकडे तेवढंही माणूस नाही, तिच्यासाठी तो फोन तुझा असू दे.

उशिरा येणाऱ्या त्रासाचंही माहीत असू दे. तीन-चार दिवसांनी सूज उतरायच्या ऐवजी वाढली, लाल गरम झाली, पू दिसला, ताप आला तर जंतुसंसर्ग. ओठावर बारीक पाण्याचे फोड उठले तर बहुधा नागीण जातीचा जुना विषाणू पुन्हा जागा झालेला असतो. पूर्वी असे फोड येत असतील तर फिलरच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, ते गोळ्या सुरू करतात. आणि काहींना महिन्यांनंतर, एखाद्या विषाणूच्या तापानंतर, दाताच्या कामानंतर, भरलेल्या जागी अचानक सूज येते. २०२० साली कोविडच्या मॉडर्ना लशीच्या चाचणीत फिलर घेतलेल्या काहींच्या चेहऱ्यावर अशी सूज आल्याची नोंद आहे. औषधाने ती उतरली. मूल पोटात असताना किंवा अंगावर पाजत असताना हे काही करायचंच नाही.

आता तुझ्या कोर्सबद्दल. दोन दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र, आणि मग पार्लरातच फिलर द्यायचं. भाडं वाढलंय, तुझ्या समोरच नवीन पार्लर उघडलंय, तुझी ओढाताण मला दिसते. तरीही मी स्पष्ट सांगते, करू नकोस. तुझ्या हातात कसब नाही म्हणून नव्हे; तुझ्याइतकी सरळ भुवई बेळगावात फार थोड्यांच्या हातून होते. टोचणं दोन दिवसांत शिकता येईल. पण वर लिहिलेलं ते पांढरं पडणं झालं तर तुझ्याकडे हायलुरोनिडेज नसेल, ते द्यायचा अधिकार नसेल, आणि समोर आपल्याच गल्लीतली मुलगी असेल. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई (खासगी वैद्यकीय संस्थांच्या) कायद्याखाली नोंदणी लागते, ती पार्लरला मिळत नाही. बिनसुईचं पेन म्हणून जे दाखवतात त्यालाही भुलू नकोस. ते जोराच्या दाबाने जेल आत ढकलतं, कुठे किती गेलं यावर ताबा नसतो. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वापरू नका म्हणून जाहीर सांगितलंय. आणि ऑनलाइन स्वस्तात येणाऱ्या बाटल्यांत काय असतं कोण जाणे. द्रवरूप सिलिकॉन निघालं तर ते विरघळवायला औषधच नाही.

त्यापेक्षा वेगळं काम कर. फिलर घेतलेल्या मुलीची नंतरची देखभाल तुझ्याकडे असू दे. डॉक्टर देतात तो कागद इंग्रजीत असतो, नाहीतर कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुली न वाचताच सही करतात. वर लिहिलेलं एका पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून काढ, आमच्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेऊ. तिला सांग, डॉक्टरांनी पाकीट तिच्यासमोर फोडलं पाहिजे, बॅच नंबरचं स्टिकर तिच्या कागदावर चिकटवलं पाहिजे.

तुझ्या खुर्चीतलं म्हणशील तर दोन आठवडे त्या मुलीच्या वरच्या ओठाला धागा, वॅक्स, ब्लीच काही नको, फेशियलचा मसाज आणि वाफ नको. लिपस्टिक पहिल्या दिवशी अजिबात नाही. साखरपुड्याला लावशील तेव्हा नवीन कांडी उघड, किंवा चमच्याने काढून धुतलेल्या ब्रशने लाव. सगळ्यांची एकच लिपस्टिक फिरवायची नाही. मॅट रंगाने सुजलेल्या ओठाच्या सुरकुत्या वर येतात, मऊ ओलसर रंग घे. डाव्या बाजूला थोडी सूज उरली असेल तर रेघ तिथे आतून धर, उजवीकडे किंचित बाहेरून. आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई खोलीत असतील तर ओठांविषयी एक अक्षर बोलू नकोस.

त्या दिवशी सकाळी मेकअपच्या आधी मला एक फोटो पाठव, उजेडात काढलेला, फिल्टर न लावता.

तुझी,
सिस्टर मावशी