पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे

अगं,

तुझा मेसेज वाचला, मार्कांचे स्क्रीनशॉटपण नीट बघितले. रोज इंग्रजी रीडिंगचे चार-चार पॅसेज (उतारे) सोडवतेयस, तरी स्कोअर जिथल्या तिथे, आणि त्यावरून तू ठरवून टाकलंस की आपला वाचायचा स्पीड कमी आहे, म्हणून आता स्पीड रीडिंगचा कोर्स लावायचा आणि शब्दांच्या याद्या पाठ करायच्या. थांब जरा, एवढ्यात पैसे भरू नकोस. तूच मेसेजच्या शेवटी लिहिलंयस ना, "दोन ऑप्शनवर येते आणि मग नेमका चुकीचा निवडते"? माझ्या मते तुझा खरा प्रॉब्लेम त्या एका वाक्यात आहे, बाकी सगळी नुसती धावपळ आहे.

आधी स्पीडचं बघू, कारण ती भीती डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही तुझ्या कानात शिरणार नाही. आयईएलटीएस अकॅडमिक, म्हणजे परदेशात शिकायला जाताना देतात ती इंग्रजीची परीक्षा, तिच्या रीडिंगमध्ये तीन पॅसेज, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं असतात, आणि तिन्ही पॅसेज मिळून जास्तीत जास्त साधारण 2750 शब्द. मार्क ब्रिसबार्ट नावाच्या संशोधकाने 2019 मध्ये आधीच्या 190 अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात मोठ्या माणसांचा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचायचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द निघाला. म्हणजे तेवढ्या वेगाने तिन्ही पॅसेज बारा मिनिटांच्या आत वाचून होतात. तू त्याच्या निम्म्या वेगाने वाचतेस असं धर, तरी तेवीस मिनिटं लागतील आणि सदतीस मिनिटं उरतील. मग वेळ जातो कुठे? तो जातो एकच पॅरा तीनतीनदा वाचण्यात आणि दोन ऑप्शनच्या मध्ये लटकून बसण्यात. कोर्सवाले मिनिटाला हजार शब्दांचं सांगतात, मनातल्या मनात शब्द उच्चारणं बंद करा म्हणतात, ते ऐकू नकोस. वेग तेवढा ताणला की समजणं कमी होतं, हे वाचनावर काम करणारे लोक सांगतच आलेत, आणि इथे तर सगळे मार्क समजण्याचेच आहेत.

आता दोन ऑप्शनचा घोळ. समज, असा एक छोटा पॅसेज आहे: शहरांमध्ये गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचं प्रमाण वाढलंय, याने मधमाश्या वाचतात असं अनेकांना वाटतं, पण जिथे फुलं कमी आहेत तिथे या पाळीव माश्या आणि रानटी माश्या त्याच फुलांवर येतात आणि रानटी माश्यांना कमी पडतं, त्यामुळे पेट्या वाढवायच्या आधी फुलझाडं वाढवायला हवीत. प्रश्न आहे, लेखकाचं मुख्य म्हणणं काय. पहिला ऑप्शन: शहरात मधमाश्या पाळण्यावर बंदी हवी. दुसरा: रानटी माश्या पाळीव माश्यांपेक्षा निसर्गाला जास्त उपयोगी आहेत. तिसरा: अनेक लोक आता गच्चीवर पेट्या ठेवतात. चौथा: पेट्यांची नुसती संख्या वाढवली तर काही ठिकाणी इतर माश्यांचं नुकसान होऊ शकतं.

तिसरा पॅसेजमध्ये सरळसरळ लिहिलेला आहे, म्हणून बऱ्याच जणांचा हात पटकन तिकडे जातो, पण ती सुरुवातीची माहिती आहे, लेखकाला जे म्हणायचंय ते नाही. पहिला उडव, "आधी फुलझाडं वाढवा" म्हणणारा माणूस बंदी मागत नाहीये, म्हणणं ताणून मोठं केलंय. आता उरले दुसरा आणि चौथा, म्हणजे तुझी नेहमीची जागा. इथे तू काय करतेस? दोन्ही ऑप्शन परत परत वाचतेस आणि कुठला "जास्त बरोबर वाटतो" ते बघतेस. ऑप्शन कितीही वेळा वाचलेस तरी तिथे काही सापडणार नाही, परत पॅसेजकडे जा आणि विचार, लेखकाने दोन माश्यांची उपयोगाच्या बाबतीत तुलना कुठे केलीय? बोट ठेवून दाखव. दाखवता येत नाही, कारण ती केलेलीच नाही. ते वाक्य बाहेरच्या जगात खरं असेलही, तुला शाळेत शिकवलेलंही असेल, पण पॅसेजमध्ये नाही म्हणजे उत्तर नाही. आणि चौथ्यामध्ये "काही ठिकाणी" आणि "होऊ शकतं" आहे, पॅसेजनेपण "जिथे फुलं कमी आहेत तिथे" एवढंच म्हटलंय, म्हणून तो बसतो. असे मवाळ शब्द असलेले ऑप्शन मुलांना कमजोर वाटतात आणि "सगळे", "नेहमी", "फक्त" वाले ठाम वाटतात, खरं तर ठाम ऑप्शनला पॅसेजमधून पुरावाही तेवढाच ठाम लागतो, आणि तो बहुतेक वेळा नसतो. पण म्हणून मवाळ दिसला की टिक असं पण करू नकोस हां, पॅसेजच ठाम बोलत असेल तर उत्तरही ठाम असणार.

आयईएलटीएसमधल्या ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये (दिलेलं विधान पॅसेजप्रमाणे बरोबर, चूक की पॅसेजमध्ये सांगितलेलंच नाही, ते ठरवायचं) तुझी गडबड होते तीसुद्धा हीच. पॅसेज म्हणतो, म्युझियममध्ये लहान मुलांना प्रवेश फुकट होता. विधान आहे, मोठ्यांना तिकीट काढावं लागायचं. तू ट्रू लिहितेस, कारण मुलांना फुकट म्हणजे मोठ्यांना पैसे, हे डोकं आपोआप जोडून टाकतं. पण मोठ्यांबद्दल पॅसेज एक अक्षर बोललेला नाही, त्यामुळे नॉट गिव्हन. फॉल्स तेव्हा, जेव्हा विधानाच्या उलट सांगणारी ओळ तू दाखवू शकतेस.

अजून एका गोष्टीकडे लक्ष ठेव, कोणाचं मत चाललंय. असे लेख बऱ्याचदा आधी दुसऱ्यांचं म्हणणं मांडतात, "अनेकांना वाटतं", "असं मानलं जातं", आणि मग एक "हाऊएव्हर" किंवा "येट" येतो आणि लेखक आपली बाजू सांगतो. घाईत वाचलं की त्या आधीच्या मतालाच आपण लेखकाचं मत समजून बसतो आणि मग त्या पॅसेजचे दोन-तीन प्रश्न एकदम जातात. असा वळणाचा शब्द दिसला की वेग कमी कर, बाकी उदाहरणं, नावं, सालं वगैरे जरा भरभर वाचलीस तरी चालेल, ती नंतर शोधता येतात.

प्रॅक्टिस कशी करायची ते सांगते. रोज चार नको, एकच पॅसेज घे आणि सुरुवातीला घड्याळ लावूच नकोस. प्रत्येक पॅरा वाचून झाला की खाली न बघता आपल्या भाषेत एक ओळ लिही, लेखक इथे काय करतोय, म्हणजे मत मांडतोय, कोणाला खोडतोय, उदाहरण देतोय की अडचण सांगतोय. ओळ लिहिता आली नाही तर पॅरा कळलेला नाही, परत वाच. लांबलचक वाक्यात अडकलीस तर आधी कर्ता आणि क्रियापद शोध, मधले दोन स्वल्पविरामांमधले तुकडे तात्पुरते बाजूला ठेव, निम्मी भीती तिथेच जाते. मग प्रश्न सोडव, आणि प्रत्येक उत्तरासमोर पॅसेजमधल्या ज्या ओळीच्या जिवावर ते निवडलंस त्या ओळीचा नंबर लिही. बरोबर आलेल्यांसमोरपण. कारण बरोबर आलेल्यांमधली काही नुसती नशिबाने आलेली असतात, आणि ती पुढच्या टेस्टला दगा देतात.

चुकलेल्या प्रश्नाची उत्तरसूची बघून "अच्छा, बी होतं का" म्हणून पुढे गेलीस तर तो पॅसेज वायाच गेला समज. वहीत दोन गोष्टी लिही, मी निवडलेला का चुकीचा आणि बरोबर असलेला कुठल्या ओळीवर उभा आहे. चार-पाच पॅसेजनंतर वही चाळ, तुझी एक ठरावीक सवय दिसायला लागेल, कोणी पॅसेजमध्ये नसलेलं आत आणतं, कोणाला तपशील म्हणजेच मुख्य मुद्दा वाटतो. तुझी पहिली असावी असा माझा अंदाज आहे, पण वही सांगेल ते खरं.

शब्दांच्या याद्यांबद्दल. पूर्ण सोडून दे म्हणत नाही, पण त्यापेक्षा वेगवेगळ्या विषयांवरचं वाचन जास्त उपयोगी पडेल. 1988 मध्ये रेश्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा मजकूर वाचायला दिला होता, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. विषयाची थोडी ओळख असली की वाक्यं आपोआप सुटी होतात. म्हणून रोज वीस-पंचवीस मिनिटं, जे विषय तू टाळतेस नेमके तेच वाच, अर्थशास्त्र, कलेचा इतिहास, भूगर्भशास्त्र. द कन्व्हर्सेशन नावाच्या वेबसाइटवर विद्यापीठातले लोक साध्या इंग्रजीत लिहितात आणि ते फुकट आहे. जुन्या वळणाच्या इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग ही जुन्या पुस्तकांची वेबसाइट आहे, तेही फुकट. शब्द अडला तर आधी वाक्यावरून अंदाज कर, लेख संपल्यावर डिक्शनरी बघ, आणि शब्द त्याच्या अख्ख्या वाक्यासकट उतरव.

घड्याळ लावायचं, पण बिनावेळेची उत्तरं बऱ्यापैकी बरोबर यायला लागली की मग. तेव्हा तू देणार असलेल्या परीक्षेच्या मापानेच लाव, कारण मापं खूप वेगळी आहेत. डिजिटल एसएटीमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) रीडिंग आणि रायटिंगचे मिळून 54 प्रश्न 64 मिनिटांत असतात, आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा 25 ते 150 शब्दांचा छोटा मजकूर (दोन मजकुरांची जोडीही येते), म्हणजे सरासरी एका प्रश्नाला सत्तर सेकंदांच्या आसपास, आणि दर वेळी नवा विषय. तिथे लांब पॅसेजची प्रॅक्टिस करून फार हाती लागत नाही. एसएटीच्या पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट ब्लूबुक ॲपमध्ये फुकट आहेत, आधी त्या वापर, कोणीतरी घाईत बनवलेल्या टेस्टमध्ये उत्तरंच वादग्रस्त असतात आणि विनाकारण आत्मविश्वास जातो.

आणि उत्तर रिकामं सोडायचं की नाही, हे आधीच ठरवून जा. एसएटी आणि आयईएलटीएसला चुकीचे मार्क कापत नाहीत, तिथे काहीच रिकामं ठेवू नकोस. सीयूईटीत (आपल्याकडच्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीला प्रवेशासाठीची परीक्षा) बरोबरला 5 आणि चुकीला वजा 1, त्यामुळे एक जरी ऑप्शन पुराव्याने उडवता आला तरी उत्तर देण्यात फायदा आहे.

आता जे चार पॅसेज तू कालच सोडवलेस म्हणालीस, तेच परत काढ, नवे नको. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर ओळीचा नंबर आणि कारण लिही आणि रविवारपर्यंत वहीचा फोटो पाठव. ज्या प्रश्नात ओळ सापडलीच नाही तिथे गोल कर आणि तसाच सोड, तेवढे प्रश्न आपण फोनवर बसून सोडवू.