वाचकांचे प्रश्न : पुडीवर नाव तेच, मग गुण का आला नाही?

प्रश्न : गेल्या खरिपात मेटारायझियम अॅनिसोप्ली या कीड मारणाऱ्या बुरशीच्या फवारणीने मक्यावरची लष्करी अळी आटोक्यात आली. यंदा दुसऱ्या दुकानातून त्याच नावाची पुडी आणली, पण काहीच फरक पडला नाही. असं का? आणि ही बुरशी घरी तांदळावर वाढवली तर चालेल का?
– मका उत्पादक, चोपडा

उत्तर : कपाशीचं बी घेताना आपण वाण विचारतो, तसा बुरशीचा स्ट्रेन विचारा. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनच्या जनुकांत बराच फरक असतो. ज्याला सरसकट अॅनिसोप्ली म्हणत, तो डीएनए तपासल्यावर २००९ मध्ये अनेक जातींचा समूह निघाला. त्यातली अॅक्रिडम टोळ-नाकतोड्यांवर चालते, तर रॉबर्ट्सी कितीतरी प्रकारच्या किडी मारते. अळीच्या कातडीला चिकटणं, ती भेदणारी विकरं (एन्झाइम) सोडणं, उष्णता सोसणं, सगळं स्ट्रेनवर ठरतं.

खान्देशात उष्णता सोसण्याचा गुण सर्वांत मोलाचा. बहुतेक स्ट्रेन २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात, ३५ च्या पुढे मंदावतात. मे महिन्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या पुडीत जिवंत बीजाणू (बुरशीचं बी) फारसे उरत नाहीत, मग स्ट्रेन कितीही चांगला असो. म्हणून पुडीवर स्ट्रेनचा क्रमांक, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि ग्रॅममागे १×१०⁸ सीएफयू (म्हणजे वाढू शकणारे जिवंत बीजाणू) हा आकडा पाहूनच पैसे द्या.

लिटरला ५ ग्रॅम घेऊन सूर्य कलल्यावर थेट पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) फवारा. हवेत ओलावा हवा आणि अळी लहान असावी. मोठी अळी पोंग्यात आपल्याच विष्ठेआड दडून बसते, तिथे बुरशी पोचत नाही. कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेब मारलेला पंप नीट न धुता वापरलात, तर बुरशीच मरते.

गुण आला की नाही, हे शेतातच कळतं. फवारणीनंतर आठवड्याभरात मेलेल्या अळ्या झाकणाच्या डबीत ओल्या कापसावर ठेवा. तीन-चार दिवसांत अंगावर पांढरी बुरशी येऊन पुढे ती हिरवी पडली, तर काम मेटारायझियमचं. अळी काळी पडून पाणी सुटलं, तर ती दुसऱ्याच रोगाने मेली.

तांदळावर वाढवायची तर दर वेळी प्रयोगशाळेतलं ताजं मूळ कल्चर (बुरशीचं शुद्ध विरजण) आणा आणि एकदाच वाढवा. घरच्या पिशवीतून पुढची पिशवी असं करत गेलात की पांढरे चट्टे पडतात, बीजाणू घटतात, मारकशक्ती उतरते. प्रयोगशाळेत अशी मंदावलेली बुरशी किडीवर सोडून, मेलेल्या किडीतून परत वेगळी करतात, तेव्हा तिला पुन्हा धार येते. घरी याहून मोठा धोका भेसळीचा आहे. पिवळसर हिरवी अॅस्परजिलस फ्लेव्हसही तांदळावर झपाट्याने येते, ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि नुसत्या डोळ्यांना मेटारायझियमसारखी वाटू शकते. रंगाबद्दल जरा जरी शंका आली तरी पिशवी न उघडता खोल पुरून टाका.