उघडलेली इंजिने आणि माजलेले रान

प्रश्न : माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि तेथे मी एकटाच काम करतो. दुकानामागच्या जमिनीवर कित्येक वर्षांत काटेरी झुडपे आणि झाडे माजली आहेत. ती जमीन मोकळी करण्यासाठी मी एका सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन, त्यावर पट्ट्याने चालणारी करवत आणि एक जुना ट्रॅक्टर घेऊन ठेवला. आज ही तिन्ही यंत्रे अर्धवट उघडलेली पडली आहेत, गिऱ्हाइकांची कामे रखडत आहेत आणि रान जसेच्या तसे उभे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ आपल्याच पत्रातील ‘अर्धवट उघडलेली’ या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते. तिन्ही यंत्रे एकाच वेळी उघडण्याचा मोह मी ओळखतो, कारण उघडणे हे काम झपाट्याने होते आणि आपण काही केले याचे समाधानही त्यातून लगेच मिळते. बसवण्याचे काम मात्र मोजमाप, सुटे भाग आणि सलग वेळ मागते. म्हणून आज एक यंत्र निवडावे, उरलेल्या दोघांचे सुटे झालेले भाग नोंद करून डब्यांत भरावेत, उघड्या तोंडांत स्वच्छ चिंधीचे बोळे घालून वर ताडपत्री बांधावी, आणि पहिले यंत्र कामाला लागेपर्यंत त्या ताडपत्रीला हात लावू नये.

निवड करताना ‘कोणते यंत्र अधिक देखणे होईल’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणत्या यंत्राने जमिनीवरचे काम सर्वांत आधी सुरू होईल’ हे पाहावे. आपल्या बाबतीत ते यंत्र बहुधा ट्रॅक्टर नसेल. झुडपांची पहिली कापणी कोयता, कुऱ्हाड आणि खांद्यावरच्या झुडपे कापण्याच्या यंत्रानेच होते, कारण जमिनीत काय दडले आहे हे कळल्याशिवाय जड यंत्र आत नेणे धोक्याचे असते. गवतात हरवलेली काटेरी तार, मोठे धोंडे, जुना खड्डा किंवा वापरात नसलेली विहीर हातात काठी घेऊन पायी फिरल्यावरच सापडते. तेव्हा ट्रॅक्टर शेवटी घ्यावा आणि इंजिन व करवत आधी चालती करावीत, म्हणजे कापलेले लाकूड लगेच मार्गी लागेल.

दुकानाविषयी माझे मत ठाम आहे. गिऱ्हाइकाचे काम आणि स्वतःचे काम एकाच टेबलावर कधीही येऊ देऊ नये. दिवसाचे पहिले तास, जेव्हा डोळा आणि हात ताजे असतात, ते गिऱ्हाइकाला द्यावेत; प्रत्येक कामाला स्वतंत्र तबक ठेवून त्याला नाव, तारीख आणि सांगितलेली तक्रार लिहिलेली चिठ्ठी बांधावी. खर्चाचा अंदाज यंत्र उघडून पाहिल्यावरच सांगावा आणि उघडण्याआधी तसे स्पष्ट बोलावे, कारण उलगडलेले यंत्र परत बसवण्याची मजुरी कोणी द्यायची, यावरून होणारा वाद दुकानाचे नाव खराब करतो. सुटा भाग मिळेना म्हणून काम थांबले, तर ते तबक फळीवर ठेवून गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवावे. उशिरापेक्षा गप्प राहिल्यामुळेच गिऱ्हाईक अधिक दुखावते, हा माझा अनुभव आहे.

नोंदीचे महत्त्व मी एका इंजिनावर शिकलो. जुन्या इंजिनांत मुख्य बेअरिंगच्या टोपीखाली दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या शिम असतात. कागदाएवढ्या जाडीच्या या पट्ट्यांची संख्या डावीकडे आणि उजवीकडे वेगळी असू शकते. मी दोन्ही टोप्या उतरवल्या आणि सगळ्या शिम एकाच वाटीत राॅकेलमध्ये धुवायला टाकल्या. बसवताना कोणती शिम कोठली हे समजेना. एक शिम कमी पडली की शाफ्ट आवळला जाई आणि एक जास्त झाली की ठोका ऐकू येई. मायक्रोमीटरने एकेक पट्टी मोजत, टोपी आवळत आणि सोडवत ते इंजिन जागेवर आणायला मला दोन आठवडे लागले. तेव्हापासून मी टोपी सैल करण्यापूर्वीच तिच्यावर आणि तिच्या बैठकीवर पंचाने एकच ठिपका उमटवतो, दुसऱ्या टोपीवर दोन ठिपके उमटवतो, आणि शिम काढताच दोऱ्यात ओवून त्या-त्या बाजूला बांधून ठेवतो. बोल्टही शक्य असेल तेथे ज्याच्या त्याच्या भोकात दोन आटे फिरवून ठेवावेत. जुन्या यंत्रात सारखे दिसणारे दोन बोल्ट लांबीला सारखे असतातच असे नाही, आणि लांब बोल्ट आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, भोकात गेला तर तो बीडाचे ओतकाम फोडतो.

प्रश्न : बरीच वर्षे उघड्यावर पडलेले डिझेल इंजिन पूर्ण जाम झाले आहे. फ्लायव्हीलला लांब पहार लावून जोर दिला तरी ते हलत नाही. पिस्टनवर लाकूड ठेवून घणाने ठोकावे का?

उत्तर : घण आताच बाजूला ठेवावा. पिस्टनचा माथा चिरणे आणि रिंगांच्या मधल्या कडा तुटणे हे ठोकण्याचे ठरलेले परिणाम आहेत, आणि पहारीच्या जोरानेही फ्लायव्हीलचा आरा तुटू शकतो. जाम नेमके कशाने झाले आहे ते आधी पाहावे. पुष्कळदा पिस्टन मोकळा असतो आणि गंजलेला वॉल्व्ह, पाण्याचा पंप किंवा गिअर अडून बसलेला असतो. म्हणून जोडलेले भाग एकेक करून सोडवावेत आणि प्रत्येक वेळी फ्लायव्हील हाताने हलवून पाहावे.

पिस्टनच अडकला आहे असे ठरले, तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे आणि थांबावे. हे थांबणे दिवसांत मोजावे लागते, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. रोज मिश्रणाची पातळी पाहावी, कमी झाली असेल तर ते रिंगांमधून खाली झिरपत आहे असे समजावे, आणि फ्लायव्हील एकदा पुढे, एकदा मागे असे हलकेच रेटावे. केसाएवढी हालचाल दिसली की काम निम्मे झाले. मग एका दिशेने जोर न करता आलटून पालटून हलवत ती हालचाल वाढवत न्यावी. येथे एक गोष्ट विसरू नये : सिलिंडरमध्ये द्रव असताना नोझल बसवून इंजिन फिरवल्यास द्रव दाबला जात नाही आणि पिस्टनला शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सगळा द्रव बाहेर पडेपर्यंत भोक उघडेच ठेवावे, आणि ते मिश्रण तळाच्या तेलातही उतरलेले असल्याने जुने तेल काढून नवे भरावे.

पहिल्यांदा चालू करताना दोन सवयी पाळाव्यात. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याला वळसा घालून धरू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल तळव्यातून सुटून जाते, पण अंगठा पलीकडे असेल तर तो मोडतो. दुसरे असे की, जुन्या डिझेल पंपातील, डिझेल किती सोडायचे हे ठरवणारी दांडी गंजून पूर्ण उघड्या स्थितीत अडकलेली असेल, तर इंजिन चालू होताच त्याचा वेग वाढतच जातो आणि बंद करण्याचा खटका काम करत नाही. अशा वेळी हवा तोडणे हाच उपाय असतो. म्हणून एअर क्लीनर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर पूर्ण बसेल अशी सपाट जाड फळी हाताशी ठेवूनच हँडल मारावे. तळव्याने किंवा चिंधीने ते तोंड झाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

इंजिन फिरते, पण पेटत नाही, असे झाल्यास डिझेलच्या नळीत हवा अडकली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. फिल्टरपासून सुरुवात करून नोझलपर्यंत एकेक जोड सैल करावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की तो आवळावा आणि पुढच्या जोडाकडे जावे.

प्रश्न : जुन्या करवतीचे आणि ट्रॅक्टरचे बोल्ट बदलताना नवा बोल्ट दोन-तीन आटे सहज जातो आणि मग अडतो. माझ्याकडचे पानेही नीट बसत नाहीत. आटे पुन्हा पाडून घ्यावेत का?

उत्तर : आटे पाडण्याची घाई करू नये, कारण मूळचे आटे बहुधा चांगले असतील आणि नवा बोल्टच वेगळ्या मापाचा असेल. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनमध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचामागे १२ आटे असतात आणि त्याच मापाच्या अमेरिकी जाड आट्याला १३ असतात, त्यामुळे नवा बोल्ट सुरुवातीला जातो आणि मग अडतो. पाव इंच किंवा तीन अष्टमांश इंचाच्या मापांत तर दोन्हींची संख्या सारखीच असल्याने चुकीचा बोल्ट शेवटपर्यंत आत जातो, पण तो आट्यांच्या कडांवरच टेकलेला असतो आणि ताण आल्यावर आटे सोलून बाहेर येतो. म्हणून आटे मोजण्याची पाती घेऊन ती उजेडाकडे धरून पाहावीत. पात्याच्या आणि आट्याच्या मध्ये उजेडाची रेघ दिसली, तर ते माप नव्हे.

पान्याचेही तसेच आहे. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो, डोक्याची रुंदी सांगत नाही. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेला तो पाना इतर पद्धतीच्या अर्धा इंची पान्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो. सैल पाना वापरून बोल्टचे कोपरे गोल करण्यापेक्षा या मापाचे चार-पाच पाने जमवणे शहाणपणाचे आहे.

गंजून बसलेल्या नटासाठी उष्णता हे सर्वांत चांगले औषध आहे. नट तापवावा, दांडा नव्हे. नट प्रसरण पावतो आणि गंजाची पकड फुटते. मात्र जवळच जुने गॅस्केट, ब्रेकचे किंवा क्लचचे अस्तर असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ती धूळ फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या चिंधीने पुसून ती चिंधी पिशवीत बंद करावी. मी स्वतः तरुणपणी ती धूळ बेफिकिरीने उडवली आहे, म्हणून हे दोनदा सांगावेसे वाटते.

प्रश्न : ट्रॅक्टर आता चालू झाला आहे. झाडे तोडून झाली, पण बुंधे जमिनीत आहेत. साखळी लावून ट्रॅक्टरने ते उपटता येतील का? साखळी उंचावर बांधली तर जोर जास्त लागेल, असे शेजारी सांगतात.

उत्तर : हे कृपया करू नका. साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधलेली असेल आणि बुंधा हलला नाही, तर चाके जागच्या जागी धरली जातात आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात खर्च होतो. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकावर उलटेपर्यंतचा काळ इतका थोडा असतो, की सावरता येण्याची वेळ एका सेकंदाच्या आत निघून जाते. क्लच दाबायचे सुचेपर्यंत सारे घडून गेलेले असते. याच कारणाने स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी मजबूत चौकट सक्तीची केली. आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर ती नसेल, तर बुंधे ओढण्याचे काम त्याच्याकडून घेऊच नये. चौकट आणि पट्टा असला, तरी ओढ फक्त खालच्या ड्रॉबारवरूनच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढण्याच्या दांड्यावरूनच, घ्यावी.

बुंध्याला माझ्या मते जोरापेक्षा खणण्याने लवकर वश करता येते. पहारीने आणि कुदळीने भोवतीची माती मोकळी करावी, आडवी मुळे उघडी पाडून ती जुन्या कुऱ्हाडीने तोडावीत, कारण मातीतील खडे चांगल्या कुऱ्हाडीची धार लगेच घालवतात. त्यानंतर बुंधा पहारीने डुलवून पाहिला की कोणते मूळ अजून धरून आहे ते कळते. घाई नसेल, तर बुंधा जमिनीलगत कापून मातीने झाकावा आणि कुजू द्यावा. त्याला काही वर्षे लागतात, आणि ज्या झाडांना बुंध्यातून धुमारे फुटतात त्यांचे धुमारे दर वेळी कोवळे असतानाच खुडावे लागतात.

जमीनही यंत्रासारखी एकदम सगळी उघडू नये, कारण मोकळ्या केलेल्या जागेवर झुडपे पुन्हा फुटतात आणि त्यांची दुसरी-तिसरी छाटणी वेळेवर झाली नाही तर पहिले श्रम वाया जातात. जेवढ्या तुकड्याची छाटणी आपल्याला सांभाळता येईल तेवढाच तुकडा आधी घ्यावा. उतार असेल तर उताराला आडव्या झुडपांच्या पट्ट्या राखून ठेवाव्यात, म्हणजे वरची चांगली माती पावसाबरोबर वाहून जाणार नाही. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर नेऊ नये. मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा बोटाने टिचकी मारल्यावर भुगा होऊन पडला तर जावे, चिकट वळकटी झाली तर थांबावे, कारण ओली माती चाकाखाली जी घट्ट होते ती नांगरूनही सहजी मोकळी होत नाही. आणि कुजण्यासाठी ठेवलेल्या प्रत्येक बुंध्याशेजारी उंच खुंटी ठोकून तिचे टोक पांढऱ्या रंगाने रंगवावे. पुढच्या वेळी गवत कमरेएवढे वाढलेले असेल आणि कापणी यंत्राचे पाते बुंध्यावर आदळण्यापूर्वी ती खुंटी दिसायला हवी.