पहिली होडी : आराखडा कोणता घ्यावा?

प्रश्न : देवगड तालुक्यात खाडीकाठी आमचे घर आहे. फर्निचरचे सुतारकाम मी करतो. होडी मात्र कधी बांधलेली नाही. दोन माणसे आणि एक लहान जाळे नेता येईल अशी वल्ह्यांची होडी घरच्या पडवीत बांधण्याचा विचार आहे. माझ्यासमोर तीन आराखडे आहेत : १४ फुटी गोल बुडाची शिडाची होडी, ११ फुटी सपाट बुडाची होडी आणि साडेसात फुटी, चौकोनी तोंडाची छोटी होडी. पुढे इंजिन लावता आले तर हवेच आहे. यांपैकी कोणता आराखडा घ्यावा?

उत्तर : आपण ११ फुटी सपाट बुडाचा आराखडा घ्यावा. गोल बुडाची होडी देखणी असते आणि लाटेवर छान चालते. पण तिची प्रत्येक फळी दोन दिशांनी वळवावी आणि तासावी लागते. हे काम हाताला सवय झाल्यावरच जमते. मी स्वतः पहिल्या खेपेस तसाच आराखडा घेतला होता आणि तो सांगाडा दोन पावसाळे पडवीत तसाच पडून राहिला. साडेसात फुटी होडी ८ फुटी प्लायवुडमध्ये सांध्याशिवाय बसते, हा तिचा मोठा गुण. परंतु दोन मोठी माणसे आणि जाळे तिच्यात दाटीने बसतील आणि एकजण उठला तरी ती कलेल.

आराखड्यातील होडी आपले ओझे पेलेल की नाही, हे घरबसल्या काढता येते. ११ फुटी होडीच्या बुडाचे क्षेत्रफळ साधारण २ चौरस मीटर धरले, तर ती १ सेंटिमीटर खाली जाताना सुमारे २० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २० किलो वजन पेलते. होडी ६० किलो, दोघे मिळून १३० आणि जाळे-मासळी ३०, असे २२० किलो धरल्यास ती अवघी ११ सेंटिमीटर बुडेल. ओहोटीला आपल्या खाडीत चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडू लागतात, तेव्हा एवढ्या कमी पाण्यात तरंगणारे बूड फार उपयोगी पडते. मात्र आराखड्यात बुडाला दोन्ही टोकांकडे थोडी उचल आणि बाजूंना बाहेरचा कल असावा, तसेच मागच्या भागात बुडाखाली एक उभी पट्टी असावी. ती नसेल तर वल्हवताना होडी सरळ न जाता वाऱ्याने भरकटते.

बांधणीसाठी शिवून चिकटवण्याची पद्धत आपल्याला सोपी जाईल. बुडाच्या आणि बाजूंच्या कडांपासून सुमारे १ सेंटिमीटर आत भोके पाडून त्यांतून तांब्याची तार ओवतात. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. पक्कडीने एकेक पीळ घट्ट करत गेलो, की जमिनीवर सपाट पडलेले तुकडे हळूहळू उभे राहून होडीचा आकार घेतात. मग आतून सांध्यात इपॉक्सीचा (दोन द्रव कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाचा) लगदा भरून त्यावर काचकापडाची पट्टी बसवतात. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात निघालेली ‘मिरर’ ही लहान शिडाची होडी हौशी लोकांनी याच रीतीने हजारोंनी बांधली. आपल्याकडे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवल्या जात, त्यामुळे शिवलेली होडी कोकणाला नवी नाही.

प्लायवुड आयएस ७१० (मरीन प्लायवुडचे भारतीय मानक) हा शिक्का पाहूनच घ्यावे. केवळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. एक छोटा तुकडा काही तास पाण्यात उकळून थर सुटतात का, हे पाहावे. इपॉक्सीचे काम ऑक्टोबरनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढावे आणि एका वेळी थोडेच कालवून पसरट ताटलीत ठेवावे, कारण खोल डब्यात ते तापून लवकर घट्ट होते.

लाकडाला हात घालण्यापूर्वी १ फुटास १ इंच या प्रमाणात जाड पुठ्ठ्याची होडी करून पाहावी. आराखड्यातले जे आकडे जुळत नाहीत, ते पुठ्ठ्यातच उघडे पडतात आणि महागडे प्लायवुड वाया जात नाही. पडवीच्या खांबांमधून तयार होडी बाहेर निघेल का, हेही याच वेळी मोजून घ्यावे.

इंजिनाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. त्याचे वजन आणि धक्का मागच्या फळीवर येतो. ती फळी त्यासाठी आखलेली असावी लागते. पुढे लावायचेच ठरल्यास नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आधी करावी. पुढच्या आणि मागच्या बैठकीखाली मात्र हवाबंद पेट्या पहिल्यापासूनच ठेवाव्यात. १०० लिटरची पेटी पाण्यात सुमारे १०० किलोचा आधार देते, त्यामुळे होडीत पाणी भरले तरी ती धरून राहता येते. लाइफ जॅकेट दोघांनीही अंगातच घालावे.

ही होडी खाडीच्या मुखाबाहेर नेऊ नये. दुपारचा खारा वारा आत येत असताना ओहोटीचे पाणी बाहेर धावू लागले, की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि सपाट बूड त्यांवर आपटते. सकाळी निघून वारा चढण्याआधी परत फिरावे.