रीफ टँकसाठी लाईट कोणता घ्यायचा? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल लिहिलं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (पोवळी) ठेवलेल्या टँकच्या, लाईटचेच निघाले, त्यामुळे यावेळी फक्त तेच घेतलेत. सगळे घेता आले नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (कोथरूड, पुणे): दादा, माझा दोन फुटी टँक आहे, २४ बाय १८ बाय १८ इंच. सायकल (पाण्यातली घाण पचवणारे जीवाणू तयार होणं) होऊन तीन महिने झाले, दोन क्लाउनफिश आहेत. आता झोआ, मशरूम, लेदर असं सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेलं) कोरल ठेवायचंय. दुकानदार म्हणतो लिटरला एक वॅट धरा, म्हणजे सव्वाशे वॅटचा लाईट घ्या. बरोबर आहे का?

लिटरला एक वॅट हा हिशोब ट्यूबलाईटच्या काळातला आहे, तेव्हा सगळ्या ट्यूब साधारण सारखाच उजेड द्यायच्या म्हणून चालून जायचा. वॅट म्हणजे लाईटने वीज किती खाल्ली एवढंच, कोरलपर्यंत काय पोचलं ते त्यातून कळत नाही. दोन वेगळ्या एलईडी एकाच वॅटच्या असल्या तरी खाली वाळूवर दुप्पट फरक पडू शकतो, कारण लेन्स वेगळी, रंग वेगळे, पाण्यापासूनची उंची वेगळी.

आपल्याला बघायचा तो पार (PAR). म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचे किती कण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो साधारण २००० असतो, यावरून अंदाज घ्या. तुमच्या झोआ-मशरूम-लेदरला ५० ते १५० पुरतं, मशरूम तर त्यातल्याही खालच्या टोकाला जास्त खूश असतात. हॅमर, टॉर्च अशा मोठ्या तोंडाच्या दगडी कोरलला ८० ते २००, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यावाल्यांना २०० ते ४००. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण खरेदीला निघताना हातात असावेत.

आणि हे सगळं कशासाठी, तर कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवतं आणि त्यातला बराच मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे तुम्ही लाईट विकत घेताय तो खरं तर त्या शैवालाचा स्वयंपाक चालावा म्हणून घेताय, टँक दिसायला छान हा भाग त्याच्यानंतरचा.

आता तुमच्या टँकचं बोलू. पारइतकंच महत्त्वाचं आहे पसरणं. चांगल्या कंपनीचा एक ८०-९० वॅटचा चौकोनी एलईडी साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा झाकतो, तुमचा टँक त्यात आरामात बसतो, आणि सॉफ्ट कोरलसाठी तो तुम्हाला निम्म्यावरच चालवावा लागेल. तरी मी थोडा मोठा घ्या म्हणतो, कारण निम्म्यावर चाललेला लाईट गार राहतो, पंखा कमी फिरतो, टिकतो, आणि उद्या जास्त उजेड लागणारं कोरल आणावंसं वाटलं तर परत खरेदी नको. पाण्यापासून ८ ते १० इंच वर टांगा, फार खाली आणलात तर मधोमध भाजणारा गोळा आणि कोपऱ्यात अंधार असं होतं. ट्यूबवाला टी-५ फिक्स्चर पण वाईट नाही हं, उलट त्याच्याइतका सारखा पसरलेला, सावली न पाडणारा उजेड एकट्या एलईडीतून अजूनही मिळत नाही, फक्त ट्यूब ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, दिसायला चालू असल्या तरी त्यांचा रंग आणि जोर उतरलेला असतो, आणि आपल्याकडे मत्स्यालयाच्या चांगल्या ट्यूब मिळवणं दिवसेंदिवस कटकटीचं होतंय. म्हणून तुम्हाला एलईडीच सांगेन. लेदर वरच्या दगडावर, झोआ मध्ये, मशरूम खाली सावलीच्या बाजूला. एवढं केलं की झालं.

प्रश्न (न्यू जर्सी): चार फुटी टँक, सहा वर्षं टी-५ वर छान चालला होता. दिवाळीत स्वतःलाच भेट म्हणून दोन एलईडी घेतले. दिसायला आधीपेक्षा अंधारच वाटत होता म्हणून ८० टक्क्यांवर ठेवले. दहा दिवसांत वरची अ‍ॅक्रोपोरा पांढरी पडायला लागली, माँटिपोरा (हेही दगडी कोरलच) पण फिकट. पाणी तपासलं, सगळं ठीक. काय चुकलं?

वाचून खरंच वाईट वाटलं, सहा वर्षांची कोरल्स आहेत. चूक कुठे झाली ते तुमच्याच प्रश्नात आहे, "दिसायला अंधार वाटत होता". माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या शंभरात जेमतेम चार गुण देतो. रीफ एलईडीत भरलेला असतो तो नेमका हाच निळा, आणि झूझँथेली हाच निळा सगळ्यात आवडीने खातात. त्यामुळे तुम्हाला खोली अंधारी दिसत होती आणि कोरलवर मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त उजेड पडत होता.

जास्त उजेडात आत काय होतं, तर शैवालाची यंत्रणा पेलवेल त्याच्यापुढे जाते, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार व्हायला लागतात, आणि कोरल स्वतःचा जीव वाचवायला शैवालालाच बाहेर काढून टाकतं. मग राहतो तो पारदर्शक मांसातून दिसणारा पांढरा सांगाडा. समुद्रात १९९८ आणि २०१६ साली उष्णतेने जे मोठं ब्लीचिंग (कोरल असं पांढरं पडणं) झालं त्यातही उष्णता आणि ऊन मिळूनच घात करतात. मासा त्रास झाला तर दगडामागे जातो, कोरलला सावलीत सरकता येत नाही, ते जिथे चिकटवलंय तिथेच सोसत बसतं. म्हणून लाईट बदलताना घाई केली की भोगतं तेच.

आता लगेच काय करायचं. लाईट ३५-४० टक्क्यांवर आणा, आजच. कोरल उपटून खाली ठेवू नका, हलवाहलवीचा ताण वेगळा. तापमान २५-२६ वर पक्कं ठेवा, त्यात चढउतार नको. अ‍ॅक्रोपोराच्या अंगावर अजून मांस आहे का ते जवळून बघा, पॉलिप (कोरलची बारीक तोंडं) बाहेर येत असतील तर ती जिवंत आहे, टाकू नका, बारीक खाद्य आठवड्यातून दोनदा द्या. रंग परत यायला आठवडे लागतात, कधी काही महिने. त्यानंतर दर आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा, मध्ये कुठे फिकटपणा दिसला की एक पाऊल मागे या आणि दोन आठवडे थांबा. बऱ्याच लाईटच्या अ‍ॅपमध्ये सवय लावायचा मोड असतो, तो चालू करा.

माझ्या हातून हेच एकदा झालंय, हिरवा लेदर होता, चार वर्षांचा. तेव्हापासून नवीन लाईट लावला की जुन्याची सेटिंग वहीत लिहून ठेवतो आणि नवा त्याच्या पारला जुळवून सुरू करतो, टक्क्यांना नाही.

आणि उलटं पण लक्षात ठेवा, कोरल तपकिरी होत असेल तर बहुतेक वेळा उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालंय, कारण तेव्हा शैवाल आत दाटीने वाढतं. पांढरं म्हणजे जास्त, तपकिरी म्हणजे कमी, असा ढोबळ अंदाज.

प्रश्न (ठाणे): पार मीटर फार महाग आहे. मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप चालेल का?

पांढऱ्या लाईटसाठी थोडंफार. उन्हाचा लक्स ५४ ने भागला की साधारण पार निघतो. पण वर सांगितलं तेच इथे आडवं येतं, लक्स हे माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे बनवलेलं आहे, त्यामुळे निळ्या रीफ लाईटखाली अ‍ॅप खूपच कमी आकडा दाखवतं आणि तुम्ही वाढवत बसता. शिवाय फोन पाण्याखाली नेता येत नाही, आणि मोजायचं तर कोरलपाशीच मोजायला हवं. पाण्याखाली चालणारा मीटर चार-पाच जणांत मिळून घ्या, तो रोज लागत नाही, लाईट लावला की एक रविवार लागतो. तेही नाही जमलं तर कंपनीने त्या उंचीला दिलेला पारचा तक्ता बघून त्याच्या निम्म्यावर सुरू करा.

प्रश्न (डोंबिवली): १००००, १४०००, २०००० केल्विन यातलं काय घ्यायचं? मला निळा आवडतो पण आई म्हणते हॉलचा डिस्को झालाय. आणि लाईट किती तास?

आईंचं म्हणणं चुकीचं नाही, संध्याकाळभर निळ्या उजेडात बसायचं तर त्रासच होतो. केल्विन हा दिसण्याचा आकडा आहे, १०००० म्हणजे लख्ख पांढरा, २०००० म्हणजे गडद निळा. पाणी लाल उजेड वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, खाली उरतो निळा, म्हणून बहुतेक कोरल निळ्यावर जगायला तयार झालेली असतात, आणि त्यांच्या अंगातली चमकणारी प्रथिनं निळा घेऊन हिरवा-केशरी परत टाकतात. दुकानात झोआ लखलखतात त्या याच्यामुळे. विकत घेताना दुकानदाराला पांढरा लाईट चालू करायला सांगा, घरी आणल्यावर फसगत नको.

माझा सल्ला, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता येईल असाच लाईट घ्या. सकाळी तासभर निळा, दुपारी पांढरा मिसळून पाच-सहा तास, संध्याकाळी परत दोन तास निळा. एकूण ८ ते १० तास पुरे. संध्याकाळी सगळे घरी असताना पांढरा हवा असेल तर सगळं वेळापत्रकच दुपारी बारानंतर सरकवा, कोरलला घड्याळाशी देणंघेणं नाही, रोज तेच असावं एवढंच. लाल आणि हिरवा चॅनेल अगदी कमी ठेवा. खिडकीचं ऊन टँकवर पडत असेल तर पडदा लावा, शेवाळ आणि तापमान दोन्ही आटोक्यात राहील.

प्रश्न (देवगड): आमच्याकडे ओहोटीला खडकात जिवंत पोवळं दिसतं. एखादा लहान तुकडा घरच्या टँकमध्ये ठेवला तर कोणता लाईट लागेल?

कृपा करून आणू नका, यासाठी मी लाईट सांगणार नाही. सगळी दगडी कोरल्स, काळं पोवळं, समुद्रपंखा, फायर कोरल, ऑर्गन पाइप हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, पावसात गोडं पाणी मिसळतं, तरी त्यात ते जीव टिकलेत, एक तुकडा मोडायला सेकंद लागतो आणि तेवढा वाढायला वर्षं जातात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रे बँक नावाचं अख्खं प्रवाळ बेट पाण्याखाली आहे, असा खजिना दारात असलेला माणूस तुम्ही आहात. ओहोटीला जा, हात न लावता फोटो काढा. टँक करायचाच असेल तर कागद दाखवणाऱ्या दुकानातून, टँकमध्येच वाढवलेल्या सॉफ्ट कोरलने सुरुवात करा.

प्रश्न (मालाड, मुंबई): ऑनलाइन १६५ वॅटचा काळा डबा लाईट स्वस्तात मिळतोय, घेऊ का? आणि आमच्याकडे लाईट जाते, तर इन्व्हर्टरवर हा चालवावा लागेल का?

डबा चालतो, बरेच जण त्यावर सुंदर टँक चालवतात. फक्त १६५ हा आकडा आत ५५ एलईडी गुणिले ३ असा असतो, प्रत्यक्षात तो बरीच कमी वीज ओढतो. लेन्स अरुंद असते म्हणून मध्ये जोर फार, तेव्हा फूटभर तरी वर टांगा आणि निळा-पांढरा दोन्ही अगदी कमीवर सुरू करा. दर महिन्याला पंख्यावरचं मीठ ब्रशने काढा, नाहीतर तो अडकतो आणि डबा आतून तापतो.

जिथे पैसे वाचवू नका ते वायरिंग. खारं पाणी वीज छान वाहून नेतं. टँकच्या लाईनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल ठेवा म्हणजे ओघळलेला थेंब झोलावरून खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. लाईट टांगायला छताला नीट हूक मारा, टँकच्या काचेवर कडेकडेने ठेवलेला डबा एक दिवस आत पडतो.

खर्चाचं विचाराल तर १२० वॅट नऊ तास म्हणजे दिवसाला एक युनिट, महिन्याला ३२ च्या आसपास. पूर्वी २५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे लावायचो, त्याचे १३५ युनिट व्हायचे, वर चिलरचं (पाणी गार करायच्या यंत्राचं) बिल वेगळं.

लाईट गेली तर कोरलचा लाईट इन्व्हर्टरवर घेऊ नका. एक दिवस अंधार झाला तर कोरलला काही होत नाही, समुद्रात पण ढगाळ दिवस असतात. जीव जातो तो पाणी थांबल्यामुळे, कारण ऑक्सिजन संपतो, आणि भरलेल्या टँकमध्ये काही तासांतच मासे वर तोंड काढायला लागतात. तेव्हा इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारे मिळतात. मे संपायच्या आत त्याची बॅटरी एकदा पूर्ण उतरवून बघा किती तास टिकते, आणि तो आकडा स्टँडच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, घरात तुम्ही नसाल तेव्हा बाकीच्यांना कळायला हवं.